न पाहिलेल्या मालावरील बोली : मोटारींच्या सुट्या भागांचा ऑनलाईन लिलाव

कुही हे नागपूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. तालुका मुख्यतः शेतीचा असल्याने 'हर्रास' हा शब्द येथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मांढळच्या बाजारात माल आला की व्यापारी ढिगाभोवती जमतात, मिरची असेल तर देठ मोडून पाहतात, धान असेल तर दाणा दाताखाली चावतात आणि मगच बोली बोलतात. हात आधी आणि बोली नंतर, असा हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे.

याच गावांत गेल्या काही दशकांत मोटारसायकली, जीपगाड्या, ट्रॅक्टर, मालवाहू टेम्पो आणि लहान मोटारी मोठ्या संख्येने आल्या. त्यांतील अनेक आता जुन्या झाल्या. अशी गाडी निकालात निघते तेव्हा तिचे सर्व भाग एकाच वेळी निकामी झालेले नसतात. इंजिन संपलेले असते, पण अल्टरनेटर उत्तम चालत असतो. चेसिस गंजलेली असते, पण डाव्या बाजूचा दरवाजा जसाच्या तसा असतो. गावातील मिस्त्रीला हे ठाऊक असते. तथापि त्या दरवाजाची ज्याला नड आहे तो मनुष्य कुहीत नसतो. तो सोलापुरात असेल, कोट्टयमला असेल, कदाचित इंग्लंडमध्येही असेल. मग दरवाजा काट्यावर चढतो आणि लोखंडाच्या भावाने भंगारात जातो. नड असलेल्या माणसाने त्याचे किती दिले असते आणि काट्याने किती दिले, यांतील अंतर हेच या विषयाचे मर्म आहे. ऑनलाईन लिलाव हे अंतर भरून काढू शकतो. मात्र त्यासाठी गिऱ्हाईक तेथे आले पाहिजे, आणि आलेल्या गिऱ्हाईकाने बोली बोलली पाहिजे.

भाव उघड, माल झाकलेला

विदर्भाला लिलावाच्या सुधारणेचा मोठा वारसा आहे. १८८६ मध्ये वऱ्हाडातील कारंजा येथे देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा करण्यात आला. पुढे महाराष्ट्र राज्यात १९६३ च्या कृषि उत्पन्न पणन अधिनियमाने बाजार समित्यांना आजचे स्वरूप दिले. या साऱ्या खटाटोपाचा रोख एका जुन्या रूढीवर होता. व्यापारी व अडत्ये रुमालाखाली बोटांच्या खुणांनी सौदा करीत आणि भाव काय ठरला हे माल आणणाऱ्या शेतकऱ्याला कळतच नसे. तेथे माल उघडा होता, भाव झाकलेला होता. उघड लिलावाने भावावरचा रुमाल काढला.

ऑनलाईन लिलावात परिस्थिती नेमकी उलटी असते. कोणी किती बोली बोलली हे सर्वांना दिसते. रुमाल पडला आहे तो मालावर. ज्या वस्तूला हात लावता येत नाही, वजन तोलता येत नाही, आस फिरवून आवाज ऐकता येत नाही, अशा वस्तूवर माणसाने पैसे लावावेत अशी अपेक्षा आहे. गिऱ्हाईक का येत नाही, याचे उत्तर बहुतेक वेळा याच एका अडचणीत सापडते.

या अडचणीचा शास्त्रीय विचार प्रथम झाला तोही जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊनच. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये लिहिलेल्या एका निबंधात असे दाखवून दिले की, वाहनातील दोष विक्रेत्याला माहीत असतात आणि ग्राहकाला नसतात. म्हणून ग्राहक बाजारातील वाहनांचा सरासरी दर्जा धरूनच किंमत बोलतो. त्या किमतीत चांगल्या वाहनाचा मालक विकायला तयार होत नाही आणि बाजारात खरोखरच सदोष वाहने उरतात. अमेरिकेत खोट असलेल्या गाडीला बोलीभाषेत 'लिंबू' म्हणतात. निबंधाचे नावही त्यावरूनच ठेवले गेले. ॲकरलॉफ यांना २००१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कुहीतील मिस्त्रीला हा सिद्धांत पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. चांगल्या अल्टरनेटरला 'चालतो की नाही कोण जाणे' म्हणून पडलेला भाव त्याने अनुभवलेला असतो.

मोडक्या वस्तूचा खरेदीदार

संगणकाच्या जाळ्यावरील लिलावाची आजची पद्धत १९९५ मध्ये पियर ओमिद्यार यांनी अमेरिकेत 'ऑक्शनवेब' या नावाने सुरू केली. तीच पुढे ईबे झाली. तेथे आरंभी विकल्या गेलेल्या वस्तूंत एक मोडका लेझर पॉइंटर होता. तो १४ डॉलर ८३ सेंटला गेला. वस्तू मोडकी आहे हे आपल्याला समजले आहे ना, असे खरेदीदाराला विचारता त्याने सांगितले की आपण मोडके लेझर पॉइंटरच जमवतो. ही हकीकत गमतीची म्हणून सांगितली जाते, परंतु सुटे भाग विकणाऱ्याने तिच्याकडे गंभीरपणे पाहावे. 'मोडका' हा शब्द स्पष्ट लिहिला होता म्हणूनच योग्य माणूस तेथे पोहोचला. बंद पडलेला कार्बोरेटरही ज्याला केवळ त्याचे झाकण किंवा फ्लोट हवा आहे त्याच्या दृष्टीने मोलाचा असतो.

भारतात मुंबईची 'बाझी' ही लिलावाची कंपनी २००० मध्ये सुरू झाली. २००४ मध्ये ती ईबेने विकत घेतली आणि देशांतर्गत विक्रीचे ते संकेतस्थळ ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाले. त्यानंतर या कंपनीचे भारतातील काम परदेशी ग्राहकांना माल पाठवू इच्छिणाऱ्या भारतीय विक्रेत्यांशी संबंधित राहिले. दुसरा मार्ग सरकारी लिलावांचा. १९६४ मध्ये धातूंच्या भंगाराच्या व्यापारासाठी स्थापन झालेली एमएसटीसी ही केंद्र सरकारची कंपनी शासकीय कार्यालये व सार्वजनिक उपक्रम यांची जुनी वाहने आणि निरुपयोगी सामग्री ई-लिलावाने विकून देते. पहिल्या मार्गात मिस्त्री विक्रेता असतो. दुसऱ्यात तो बहुधा खरेदीदार असतो. दोन्ही बाजूंनी उभे राहून पाहिले की बोली कशाने वाढते ते अधिक चांगले समजते.

क्रमांक, मग बाकी सारे

गिऱ्हाईक लिलावाच्या पानावर हिंडत हिंडत येत नाही; ते शोधत येते, आणि शोधताना क्रमांक टाकते. बहुतेक भागांवर तो ठोकलेला, ओतीव अक्षरांत उमटवलेला किंवा चिठ्ठीवर छापलेला असतो. तेल आणि धुळीच्या थराखाली तो दडलेला असेल तर रॉकेल व ब्रशने साफ करून वाचावा आणि मथळ्यात जसाच्या तसा द्यावा. यात एक मेख आहे. गाडी एका कंपनीची आणि भाग दुसऱ्या कंपनीचा, असे वारंवार असते. डिझेल पंपाला आपल्याकडे 'मायको' म्हणण्याची सवय आहे. ती कंपनी २००८ पासून बॉश या नावाने ओळखली जाते. जुना ग्राहक 'मायको' शोधील, नवा 'बॉश' शोधील. दोन्ही नावे लिहिणे शहाणपणाचे.

'मारुती ८०० चा भाग' एवढे लिहिणेही पुरेसे नाही. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरपासून २०१४ पर्यंत निघत राहिली आणि त्या तीस वर्षांत कार्बोरेटर जाऊन इंजेक्टर आले. बाहेरून सारखा दिसणारा भाग आत बसत नाही, आणि न बसलेला भाग परत येतो. म्हणून गाडीचे नाव, उत्पादनाचे वर्ष, इंधन आणि इंजिनाचा प्रकार ही माहिती दिलीच पाहिजे. डावा की उजवा हे लिहिताना चालकाच्या जागेवर बसून पुढे तोंड केल्यावरची बाजू धरावी. समोर उभे राहून पाहणाऱ्याची डावी बाजू वेगळी होते. परदेशी ग्राहक असेल तर आणखी एक दक्षता हवी. रस्त्याच्या उजव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या देशांत आपल्याकडच्या हेडलाईटचा झोत चुकीच्या बाजूला पडतो आणि स्टिअरिंगचे काही भाग बसत नाहीत. हे विक्रेत्याने स्वतःच लिहून टाकावे.

स्थितीचे वर्णन करताना विशेषणे टाळावीत. 'एकदम कडक', 'टकाटक', 'नव्यासारखे' हे शब्द सर्वच विक्रेते वापरतात आणि म्हणूनच ते काही सांगत नाहीत. 'वाहनावरून काढला तेव्हा चालू होता' हे एक विधान आहे. 'इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट मोजले' हे त्याहून भक्कम विधान आहे, कारण बारा व्होल्टच्या गाडीत अल्टरनेटर चांगला असेल तर हा आकडा साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असतो हे घेणाराही जाणतो. तपासणी केली नसेल तर 'तपासलेले नाही' असे स्वच्छ लिहावे. ते लिहिल्याने बोली थोडी कमी येईल. पण न लिहिता सोडल्यास घेणारा सर्वांत वाईट शक्यता गृहीत धरतो.

छायाचित्रांच्या बाबतीत बहुतेकांची चूक अशी होते की भाग चांगला दिसावा म्हणून त्याला रंग फासला जातो. जाणकाराला ताजा रंग दिसला की त्याखाली काय झाकले आहे हा पहिला प्रश्न पडतो. भाग धुवावा, पण रंगवू नये. सकाळच्या किंवा सावलीतल्या उजेडात, फिकट कापडावर ठेवून, सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. क्रमांकाचे एक, जोडणीच्या टोकांचे एक, दात्यांचे किंवा आट्यांचे एक घ्यावे. जेथे चीर, गंज वा पोचा असेल तेथे शेजारी पट्टी ठेवून आणखी एक घ्यावे. दोषाचे छायाचित्र देणे विक्रेत्याला जड जाते. परंतु तेच छायाचित्र उरलेल्या छायाचित्रांना खरे ठरवते.

हे केवळ शिष्टाचाराचे सांगणे नाही. ग्रेगरी लुईस या अर्थशास्त्रज्ञाने ईबेवरील मोटारींच्या लिलावांचा अभ्यास करून २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. विक्रेता छायाचित्रांतून व वर्णनातून जितकी माहिती पुढे ठेवतो तिचा अंतिम किमतीशी घनिष्ठ संबंध असल्याचे त्याला आढळले. विक्रेत्याच्या नावालाही मोल असते. पॉल रेझ्निक व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जुनी पोस्टकार्डे एकाच विक्रेत्याने दोन प्रकारे विकली. काही आपल्या प्रस्थापित नावाने, तर तशीच दुसरी नवख्या नावांनी. प्रस्थापित नावाला ग्राहक सुमारे ८.१ टक्के अधिक द्यायला तयार होते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने यावरून एवढे घ्यावे की पहिले दहा-वीस व्यवहार लहान, स्वस्त आणि निर्दोष वस्तूंचे करावेत. गिअर बॉक्स पहिल्याच दिवशी मांडू नये.

आरंभीची किंमत

बोली कोठून सुरू करावी याविषयी मतभेद पुष्कळ आहेत. आरंभ खाली ठेवला की पाहणारे वाढतात, एकदा बोली बोललेला मनुष्य पुन्हा वाकून पाहतो आणि चुरस निर्माण होते. पण हे केव्हा घडते? चढत्या लिलावात वस्तू कितीला जाते हे सर्वांत उत्सुक माणूस ठरवीत नाही. त्याच्या खालोखालचा जेथे थांबतो त्याच्या किंचित वर ती जाते. विल्यम विक्री यांनी १९६१ मध्ये लिलावांच्या ज्या मीमांसेचा पाया घातला तिच्यात ही गोष्ट मध्यवर्ती आहे. यास्तव ज्या भागाला अनेक गिऱ्हाईके आहेत (मोटारसायकलीचे कार्बोरेटर, चालू मोटारींचे आरसे व दिवे) त्याची बोली खालून सुरू करण्यात फारसा धोका नाही. याउलट एखाद्या जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या दारावरची पट्टी घ्या. कुर्ल्याला तयार होणारी ही गाडी २००० च्या सुमारास बंद झाली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या टॅक्सींतूनही ती गेली. ती पट्टी हवी असणारे देशभर असतील. पण त्या आठवड्यात लिलावाकडे पाहणारा एकच असला तर आरंभीच्या किमतीलाच ती जाईल. अशा वस्तूला लिलाव लावूच नये, ठोक किंमत लिहून वाट पाहावी. नाही तर राखीव किंमत ठेवावी.

राखीव किमतीवर मात्र फार भिस्त ठेवणारे विक्रेते निराश होतात. बुलो आणि क्लेम्परर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये गणिताने दाखवले की, सर्वसाधारण परिस्थितीत विक्रेत्याने अचूक राखीव किंमत ठरवून जेवढा लाभ होतो त्याहून एक जादा खरा खरेदीदार लिलावात आणल्याने अधिक होतो. किमतीवर डोके खपवण्यापेक्षा क्रमांक नीट लिहिण्यावर खपवावे, असा याचा व्यवहारातील अर्थ.

लिलाव केव्हा संपावा हेही पाहण्यासारखे आहे. ठरल्या क्षणी बंद होणाऱ्या लिलावात अनुभवी लोक अखेरच्या काही सेकंदांपर्यंत गप्प राहतात. शेवटी बोली आली तर मुदत आपोआप वाढते अशी व्यवस्था काही ठिकाणी असते; एमएसटीसीच्या लिलावांत ती आहे. पद्धत कोणतीही असो, शेवटच्या घटकेला गिऱ्हाईक जागे आणि मोकळे असले पाहिजे. देशातील ग्राहकांसाठी सुट्टीची संध्याकाळ बरी. इंग्लंडमधील ग्राहकांसाठी तेथील हिवाळ्यातील रात्रीचे आठ धरले तर कुहीत दीड वाजलेला असतो. विक्रेत्याने जागत बसण्याचे कारण नाही, लिलाव यंत्रावर चालतो. पण आदल्या दिवशी आलेल्या प्रश्नांची उत्तरे झोपण्यापूर्वी गेलेली असावीत.

'जसे आहे, जेथे आहे'

सरकारी लिलावांच्या अटींत हे शब्द ठरलेले असतात. माल आहे त्या स्थितीत, आहे त्या जागेवरून उचलायचा. नंतर तक्रार चालत नाही. पाहणीसाठी दिवस दिलेले असतात, अनामत रक्कम भरावी लागते. केंद्र सरकारच्या निर्णयानुसार १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील शासकीय वाहनांची नोंदणी पुढे चालू राहत नाही, त्यामुळे अशा वाहनांचा ओघ वाढला. 'जसे आहे' ही अट विक्रेत्या कार्यालयाचे वादांपासून रक्षण करते. किमतीचे रक्षण करीत नाही. जो व्यापारी कुहीहून किंवा उमरेडहून आवारापर्यंत जाऊन पाहणी करू शकत नाही तो एक तर बोली बोलतच नाही किंवा बॅटरी, टायर व अल्टरनेटर गायब आहेत असे समजून बोलतो. ज्या यादीत प्रत्येक वाहनाचे छायाचित्र आणि कोणते भाग जागेवर नाहीत याची एक ओळ असते, तिच्यावर दूरचा मनुष्यही निर्धास्तपणे पैसे लावतो. कार्यालयीन कर्मचाऱ्याचे यात अर्ध्या दिवसाचे काम आहे.

मात्र पंधरा वर्षांनंतर नोंदणी संपलेले असे वाहन कोणीही उचलून आपल्या आवारात तोडावे, अशी व्यवस्था नाही. वाहन-मोडणी केंद्रांविषयीचे नियम सप्टेंबर २०२१ मध्ये अधिसूचित झाले असून अशा वाहनांची मोडतोड नोंदणीकृत केंद्रात व्हावयाची आहे. तेथे वाहन जमा करणाऱ्याला ठेव प्रमाणपत्र मिळते. मिस्त्रीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, भाग कोणत्या गाडीतून आला आणि ती गाडी कोणी, कोणत्या कागदावर दिली, याची वही ठेवणे आता अपरिहार्य आहे. चोरीचा माल जाणूनबुजून जवळ बाळगणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. पण शिक्षेचे भय बाजूला ठेवले तरी वहीचा दुसरा उपयोग आहे. 'मूळ वाहनाची कागदपत्रे उपलब्ध, बिल मिळेल' ही ओळ वाचून जे गिऱ्हाईक थांबते ते भाव करीत बसणारे नसते.

बिलाबरोबर कराचा प्रश्न येतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून उलाढालीच्या मर्यादेत बसणाऱ्या लहान विक्रेत्याला वस्तू व सेवा कराच्या पूर्ण नोंदणीविना ई-वाणिज्याच्या मंचावरून माल विकण्याची मुभा आहे, परंतु ती राज्याच्या आतल्या विक्रीपुरतीच. कोट्टयमचे गिऱ्हाईक हवे असेल तर नोंदणी करावी लागते. तसेच २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियमांनुसार वर्णनाशी न जुळणारा किंवा सदोष माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही.

काही वस्तू विक्रीस मांडूच नयेत. एकदा उघडलेल्या किंवा अपघातग्रस्त गाडीतून काढलेल्या एअरबॅग, ताण बसलेले सीटबेल्ट, झिजलेले ब्रेकचे लायनर यांच्यावर कोणाचा तरी जीव अवलंबून असतो. जुना टायर मांडायचाच असेल तर त्याच्या कडेवरील चार अंकांचे छायाचित्र द्यावे; पहिले दोन अंक आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष दाखवतात.

पाठवणी

अनेक लिलाव वाहतूक खर्चापाशी अडतात. भागाच्या किमतीएवढाच खर्च पाठवणीचा येणार असेल आणि तो बोली जिंकल्यावर कळणार असेल, तर समंजस मनुष्य बोलीच बोलत नाही. म्हणून भाग आधी बांधून, बांधलेल्या स्थितीत वजन करून, खोक्याची लांबी-रुंदी-उंची मोजून खर्चाचा आकडा वर्णनातच द्यावा. गिअर बॉक्स व डिफरन्शियल यांतील तेल पूर्णपणे काढून छिद्रे बुचांनी बंद करावीत. तेल पाझरणारे खोके कुरिअरवाला घेत नाही आणि घेतले तर वाटेत शेजारच्या मालाचे नुकसान होते. काच आणि दिवे यांना दोन खोकी लागतात, एकात एक, मध्ये चारही बाजूंनी भरण. इंजिन किंवा दरवाजा यांसारखा जड व अवजड माल ट्रान्सपोर्टने नागपूरहून जाईल आणि घेणाऱ्याने तो आपल्या शहरातील गोदामातून उचलायचा, हे आधीच ठरवून लिहिलेले असावे.

पहिल्या खेपेला बोली आलीच नाही, तर तोच मजकूर पुन्हा चढवण्यापूर्वी त्या आठवड्यात कोणी काय विचारले ते पाहावे. तिघांनी 'आस फिरतो का' असे विचारले असेल तर ते वर्णनात नव्हते. आस फिरवून पाहावा, अडत असेल तर कोठे अडतो ते लिहावे, आणि दुसऱ्या खेपेला ती ओळ क्रमांकाच्या लगेच खाली घालावी.